उरण लोकलची तिसरी भाषा

उरण स्टेशनात रूळ संपतात. नेरूळहून किंवा बेलापूरहून आलेली लोकल इथे रिकामी होते, पंखे तसेच फिरत राहतात, आणि तीच गाडी परतीच्या प्रवासासाठी हळूहळू भरू लागते. कोटनाक्याकडून रिक्षा येतात. कंटेनर यार्डातली पाळी संपवून निघालेली उत्तर प्रदेश-बिहारची पोरं दारात जागा धरतात. नेरूळ-वाशीच्या कॉलेजांत जाणारी मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात आणि पाटी सांभाळत एखादी कोळीण पहिल्या सापडलेल्या डब्यात शिरते. या सगळ्यांच्या डोक्यावरून कर्णा एकच मजकूर तीनदा सांगतो: मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. गाडी सुटली की डब्यातही तेच. पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन. पहिल्या दोन वाक्यांना निदान कोणीतरी मान वर करतं. तिसरं वाक्य सुरू होईपर्यंत ज्याला उठायचं तो उठून दाराशी गेलेला असतो.

संपादकांनी या अंकासाठी ‘सार्वजनिक जागेतले आवाज’ हा विषय दिला आहे. त्यात लाउडस्पीकर, मिरवणुका, हॉर्न यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. इथे विचार करायचा आहे तो या तिसऱ्या वाक्याचा. ते नेमकं कोणासाठी बोललं जातं? इंग्रजी म्हणजे गुलामगिरी, काढून टाका, असं म्हणणं सोपं आहे. इंग्रजी म्हणजे प्रगती, हात लावू नका, हेही तितकंच सोपं आहे. उरण मार्गावर कान देऊन पाहिलं तर तिसरीच गोष्ट दिसते. इंग्रजी इथे जिथे फारशी लागत नाही तिथे रोज हजर असते, आणि जिथे खरोखर लागते तिथे नेमकी गायब होते.

दोन टोकांचा मार्ग

आधी हा मार्ग समजून घेतला पाहिजे. नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंतची लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. खारकोपर ते उरण हा पुढचा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी, अटल सेतूच्याच दिवशी खुला झाला. सगळा मार्ग जेमतेम २७ किलोमीटरचा. पण उरणकरांना तोवर मुंबई गाठायची तर एसटी, नवी मुंबईची बस किंवा मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच एवढेच पर्याय होते. लाँचला भरती-ओहोटीची अडचण आणि रस्त्याला ट्रेलरची. त्यामुळे इथल्या प्रवाशाला हार्बर मार्गावरच्या जुन्या प्रवाशासारखी लोकल अंगवळणी पडलेली नाही. कुर्ल्याला उतरणारा माणूस झोपेतसुद्धा कुर्ल्याला उठतो. शेमटीखारला उतरणारा अजून खिडकीबाहेर बघून खात्री करून घेतो.

शिवाय या मार्गाला मुंबईकडच्या बाजूला दोन टोकं आहेत. उरणहून सुटणारी एक गाडी नेरूळला जाते, दुसरी बेलापूरला. तरघरनंतर रूळ फुटतात. ठाण्याकडे किंवा सीएसएमटीकडे जाणाऱ्याला नेरूळ सोयीचं, पनवेलकडे जाणाऱ्याला बेलापूर. चुकीच्या गाडीत बसलं तर जीव जात नाही, कारण नेरूळ, सीवूड्स आणि बेलापूर ही हार्बर मार्गावरची लागोपाठची स्टेशनं आहेत. एक गाडी बदलली की काम होतं. पण उलट दिशेला, म्हणजे उरणकडे येताना, चूक महागात पडते. सुरुवातीला या मार्गावर दोन्ही दिशांच्या मिळून ४० फेऱ्या होत्या. म्हणजे एका दिशेला तासाला सरासरी एक गाडी, आणि तीसुद्धा दोन टोकांत वाटलेली. हार्बरवर अनाउन्समेंट ऐकली नाही तर चार मिनिटांनी दुसरी गाडी मिळते. इथे अर्धा प्रहर जातो. माहितीची किंमत गाड्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात वाढते, हा साधा हिशेब रेल्वेच्या भाषाधोरणात कुठे मांडलेला दिसत नाही. दर तीन मिनिटांनी गाडी असो की तासाला एक, मजकूर तोच, क्रम तोच.

तुकडे जोडून केलेली वाक्यं

हा आवाज बोलतो कसा, हे पाहिल्याशिवाय इंग्रजीचा प्रश्न सुटत नाही. एकेकाळी स्टेशनात माणूस बसून बोलत असे. हिंदीतली ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ ही हाक ज्यांच्या आवाजामुळे देशाच्या कानात बसली त्या सरला चौधरी मध्य रेल्वेच्याच. १९८२ साली त्या रोजंदारीवर लागल्या आणि माइकसमोर बसून बोलत. नंतर आवाज ध्वनिमुद्रित झाला आणि माणसाची खुर्ची रिकामी झाली. आता वाक्य पूर्ण असं कोणी बोलतच नाही. ‘प्लॅटफॉर्म क्रमांक’ हा एक तुकडा, ‘दोन’ हा दुसरा, ‘वर येणारी’ हा तिसरा, मग तास, मिनिटं, गावाचं नाव, गाडीचा प्रकार. गाड्यांचं वेळापत्रक सांभाळणारी यंत्रणा हे तुकडे ओवते आणि कर्ण्यातून सोडते. नीट ऐकलं तर सांधे कळतात: आकड्याचा सूर वर गेलेला असतो आणि पुढच्या शब्दाचा एकदम खाली आलेला.

मराठीला ही ओवणी जड जाते. आपल्याकडे ठाणे ‘ठाण्याला’ होतं, कुर्ला ‘कुर्ल्याहून’ होतो. प्रत्येक गावाची अशी चार-चार रूपं ध्वनिमुद्रित करायची तर साठा वाढतो. म्हणून यंत्राची मराठी नावाला हात न लावता मागेपुढे शब्द ठेवते आणि जरा ताठर वाटते. इंग्रजीत नाव बदलत नाही, आकडे बदलत नाहीत, शब्दांचा क्रम ठरलेला. यंत्राच्या दृष्टीने इंग्रजी ही सर्वांत स्वस्त भाषा आहे. नावांची यादी एकदा वाचून घेतली की पुढची अनेक वर्षं ती फुकटात बोलत राहते. फुकट आहे म्हणून ती लागते का, हे कोणी विचारत नाही.

हिशेब चुकतो तो ठरलेल्या मजकुराबाहेर काही घडलं की. सिग्नल बिघडला, ओव्हरहेड वायरला काही झालं, बेलापूरची गाडी आज नेरूळला जाणार आहे, किंवा गाडी समोरच्या फलाटावर लागणार आहे, अशा वेळी यंत्राकडे तुकडा नसला की माणूस माइक हातात घेतो. मुंबईच्या लोकलचा कोणताही नियमित प्रवासी सांगेल की ही हाताने केलेली घोषणा बहुधा एका भाषेत, फार तर दोन भाषांत आटोपते. त्यात माइक बोलणाऱ्याच्या तोंडाला चिकटलेला, समोर गाडीचा भोंगा, आणि घाई. दोष त्या माणसाचा नाही. त्याला त्याच वेळी कंट्रोलचा फोन घ्यायचा असतो, खिडकीशी आलेल्या प्रवाशांना उत्तरं द्यायची असतात. पण परिणाम असा की रोजच्या सरळ दिवशी तीन भाषा आणि फजितीच्या दिवशी एक. म्हणजे गाडी वेळेवर, ठरलेल्या फलाटावर येते आणि इंडिकेटरही बरोबर दाखवतो, तेव्हा ती बातमी तिन्ही भाषांत. सगळंच बिघडलेलं असतं तेव्हा मात्र ज्याला ना मराठी येते ना हिंदी, त्याने शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखायचं.

परदेशी पाहुणा उरणला येत नाही

इंग्रजी घोषणा परदेशी प्रवाशांसाठी असते, असं आपण सहज धरून चालतो. चीनमध्ये ते बऱ्याच अंशी खरं आहे. बीजिंगने २००८ च्या ऑलिंपिकसाठी आणि शांघायने २०१० च्या जागतिक प्रदर्शनासाठी आपल्या भुयारी रेल्वेतल्या इंग्रजीकडे लक्ष दिलं आणि पाट्या दुरुस्त केल्या. तिथल्या रोजच्या प्रवाशाला त्या इंग्रजीची गरज नव्हती; ती पाहुण्यांसाठी अंथरलेली सतरंजी होती. पाहुणे गेल्यावर वाद सुरू झाले. चिनी रेल्वेने २०१२ मध्येच ‘बीजिंग साउथ’सारखी नावं रोमन लिपीत ‘बीजिंगनान’ अशी लिहायला घेतली होती. पुढे २०२१ च्या सुमारास बीजिंगच्या मेट्रोत काही पाट्यांवर ‘स्टेशन’च्या जागी चिनी ‘झान’ रोमन अक्षरांत आलं, तेव्हा टीका झाली की परदेशी माणसाला हे कळणार नाही आणि चिनी माणसाला याची गरज नाही. टीका चपखल होती. पाहुण्यासाठी केलेली गोष्ट पाहुण्यालाच कळली नाही तर ती कोणासाठी उरते?

उरण तालुक्यातही परदेशी पाहुणे येतात, अगदी भरपूर येतात, पण ते घारापुरीची लेणी बघायला गेटवेहून लाँचने येतात आणि लाँचनेच परत जातात. तालुक्याच्या लोकलशी त्यांची गाठ पडत नाही. जवाहरलाल नेहरू बंदरात १९८९ पासून जगभरची जहाजं लागतात, पण खलाशी उतरून शेमटीखारचं तिकीट काढत नाही. या मार्गावर इंग्रजी ज्यांना लागते ते सगळे भारतीय आहेत. बंदरातल्या कंपन्यांत केरळ-तामिळनाडूतून आलेले, तेलप्रकल्पात किंवा नौदलाच्या डेपोत बदलीवर आलेले, ईशान्येतून हॉटेलात किंवा सुरक्षारक्षक म्हणून काम धरलेले. त्यांच्यापैकी बहुतेकांना दोन वर्षांत कामापुरती हिंदी येते. पण पहिले काही महिने असतात, आणि नेमकं त्याच महिन्यांत त्यांना स्टेशनांची नावं पाठ नसतात.

इथे डोळा आणि कान यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. ज्याला इंग्रजी कळते त्याला बहुधा रोमन अक्षरं वाचता येतात. फलाटावर दोन लिप्यांतली पाटी आहे, इंडिकेटर आहे, हातात मोबाइल आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला फक्त आवाजाचा आधार, आणि अशा माणसाला उरणात मराठी किंवा हिंदी यांपैकी एक बहुधा समजतेच. म्हणजे ठरलेल्या मजकुरापुरती इंग्रजीची जागा मुख्यतः डोळ्यासमोर आहे, कानात नाही. गोंधळाच्या वेळी हे उलटं होतं. तेव्हा पाटी आणि इंडिकेटर जुनंच सांगत असतात आणि खरी माहिती फक्त माइकमधून येते. नेमकी तेव्हा इंग्रजी गप्प असते.

यावर एक हरकत तोलामोलाची आहे: अंध प्रवासी. त्यांना पाटी दिसत नाही, मग इंग्रजी आवाज कमी करून कसं चालेल? चालणार नाही, हे मान्य. म्हणून इंग्रजी काढून टाकण्याचा मुद्दाच नाही. स्टेशनचं नाव आणि कोणत्या बाजूला उतरायचं, एवढं इंग्रजीत हवंच. पाल्हाळ मात्र नको. आणि गाडी बदलली, रद्द झाली, फलाट बदलला ही वाक्यं तिन्ही भाषांत आधीच मुद्रित करून ठेवायला हवीत, म्हणजे स्टेशन मास्तरला घाईत अनुवाद करत बसावं लागणार नाही. नेहमीच्या अडचणींची यादी दहा-पंधरा वाक्यांत संपते. तुकडे जोडणाऱ्या यंत्राला यापेक्षा सोपं काम नाही, आणि अंध प्रवाशाला यंत्राच्या सुबक ‘नेक्स्ट स्टेशन’पेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

भांडण दोघांचं, तिसरा निवांत

मग या विषयावर इतकी कमी चर्चा का? कारण घोषणांच्या भाषेवरून आपण भांडतो ते मराठी आणि हिंदीचं. २०२५ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासननिर्णयांवरून महाराष्ट्र तापला आणि २९ जूनला शासनाने ते मागे घेतले. अशा हवेत स्टेशनावर आधी कोणती भाषा ऐकू आली याकडे लोकांचं बारीक लक्ष असतं. इंग्रजी मात्र तिसऱ्या क्रमांकावर सुखाने बसलेली असते. तिच्याबद्दल ना कोणाला राग, ना कोणाची तक्रार.

दक्षिण चीनमध्ये हेच चित्र आहे. ग्वांगझूच्या मेट्रोत मँडरिन, कँटोनीज आणि इंग्रजी अशा तीन भाषांत घोषणा होतात. २०१० मध्ये तिथे लोक रस्त्यावर उतरले ते कँटोनीजसाठी, स्थानिक दूरचित्रवाणीवर मँडरिन वाढवण्याच्या सूचनेविरुद्ध. इंग्रजीविरुद्ध कोणी उतरलं नाही. बंगळुरूच्या मेट्रोत २०१७ साली हिंदी पाट्या झाकल्या गेल्या आणि पुढे काढल्या गेल्या; कन्नड आणि इंग्रजी राहिल्या. तैवानने २००० साली थेट कायदाच केला: सार्वजनिक वाहनांत मँडरिनबरोबर होक्कियन आणि हक्का भाषांतही घोषणा झाल्याच पाहिजेत, आणि मात्सू बेटांवर फूचौची बोलीसुद्धा. तैपेईची मेट्रो त्यात इंग्रजीची भर घालते. या कायद्याने भाषांची संख्या ठरवताना आधी तिथे राहतं कोण हे विचारलं, ही त्याची जमेची बाजू. आपलं त्रिभाषासूत्र कल्याणला जे म्हणतं तेच उरण मार्गावरच्या गव्हाणला म्हणतं.

कोणी म्हणेल, मग उरणात हिंदीच काढा. मराठी आणि इंग्रजी पुरे, बंगळुरूसारखं. हे म्हणणं स्वाभिमानाचं आहे, पण फलाटावर टिकत नाही. ट्रेलरचा क्लीनर, यार्डातला हमाल, द्रोणागिरीच्या इमारतींवर काम करणारा गवंडी यांना हिंदी कळते, इंग्रजी नाही. त्यांना गाडीत बसू देऊन माहितीबाहेर ठेवणं म्हणजे गर्दी आणि गोंधळ दोन्ही वाढवणं. मराठीचा मान पहिल्या क्रमांकात आणि नीट उच्चारांत आहे. दुसऱ्याच्या कानावर हात ठेवण्यात नाही.

जिथे कंडक्टर असतो

उरणच्या एसटी आगारात हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. बसची पाटी देवनागरीत, आकडे बहुधा देवनागरीत, नियंत्रकाची हाक मराठीत. इंग्रजीचा पत्ता नाही, हिंदीचाही फारसा नाही. तरी बिहारचा मजूर पनवेलला बरोबर पोहोचतो. कारण बसमध्ये कंडक्टर असतो. तो ‘पनवेल? बैठो, बैठो’ म्हणतो, उतरायच्या आधी हाक मारतो, सुट्ट्या पैशांवरून वाद घालतो आणि वेळ पडली तर शेजारच्या प्रवाशाला ‘यांना पळस्प्याला उतरवा’ असंही सांगतो. मोऱ्याच्या लाँचवरही तेच. ओहोटीला चिखल वर आला की फेरी थांबते, आणि पुढची कधी हे धक्क्यावरचा माणूस हातवारे करून सांगतो. ही माणसं म्हणजेच घोषणा आहेत, आणि समोरचा बघून ती भाषा बदलतात.

लोकलमध्ये असा माणूस नाही. मोटरमन पुढे बंद कॅबमध्ये, गार्ड मागे. म्हणून लोकलचा आवाज पुरा असावा लागतो. कंडक्टरचं काम त्यालाच करायचं आहे. ‘लोक विचारून घेतात की, एवढं काय’ हा आक्षेप एसटीला लागू पडतो, उरण लोकलला नाही. दुपारच्या अर्ध्या रिकाम्या डब्यात विचारायचं कोणाला?

नाव एकच, उच्चार तीन

तिन्ही वाक्यांत समान असतं ते फक्त गावाचं नाव, आणि उरणकरांची खरी आच तिथे आहे. मार्ग सुरू झाला तेव्हा गावकऱ्यांची मागणी होती की स्टेशनं ज्या गावांच्या जमिनीवर उभी आहेत त्यांची नावं त्यांना मिळावीत: द्रोणागिरीला बोकडवीरा, न्हावा शेवाला नवघर, रांजणपाड्याला (म्हणजे आताच्या शेमटीखारला) धुतूम, उरणला उरण-कोट. यामागचं कारण उरणात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. जमीन गेली, खाडी भरली, शेतं यार्डांखाली गेली. नाव तरी कर्ण्यातून ऐकू यावं, ही अपेक्षा अवाजवी नाही. सीवूड्स-दारावे या जोडनावात वसाहत आणि गाव शेजारी शेजारी बसलेच आहेत ना.

नाव मिळालं तरी ते तीन तोंडांनी तीन तऱ्हांनी बोललं जातं. मराठीत नेरूळ, इंग्रजीत नेरुल. उरणचा ण रोमन अक्षरांत मावतच नाही, आणि इंग्रजी वाचणारा आवाज रोमनवरून वाचत असेल तर ‘उरान’ असं काहीतरी कानावर येतं. हे केवळ अभिमानाचं दुखणं नाही. नवख्या माणसाने मराठीत एक नाव ऐकलं, इंग्रजीत दुसरंच, आणि पाटीवर तिसरं वाचलं, तर तीन भाषा मिळून त्याला मदत होण्याऐवजी तीन स्टेशनं असल्याचा भास होतो. चीनच्या बऱ्याच मेट्रोंमध्ये इंग्रजी वाक्यातही स्टेशनचं नाव चिनी उच्चारातच येतं, आजूबाजूची इंग्रजी कितीही चकचकीत असली तरी. इथेही मराठीसाठी मुद्रित केलेला नावाचा तुकडाच तिन्ही वाक्यांत बसवता येईल. आवाज बदलल्याने सांधा जरा खटकेल. पण सांधे आताही खटकतातच.

विमानतळ आल्यावर

शेवटची हरकत सर्वांत ताजी आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली, आणि तरघर हे त्याच्या जवळचं स्टेशन. आता परदेशी पाहुणे येतील, इंग्रजी वाढवा, कमी कसली करता? पण विमानतळावर उतरलेला परदेशी पाहुणा सामान घेऊन टॅक्सीत बसतो. लोकलला येतात ते तिथले कामगार: सामान हाताळणारे, सफाईवाले, दुकानांतल्या मुली, सुरक्षारक्षक. पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाला तरघरची गाडी नेरूळहून आहे की बेलापूरहून, आणि ती आज रद्द तर नाही ना, हे कळणं म्हणजे त्या दिवसाचा पगार. त्यांच्यातल्या एखाद्या मणिपुरी किंवा तमिळ मुलीला इंग्रजी लागेलही. ती तिला सुरळीत सकाळच्या सुबक वाक्यापेक्षा ‘ही गाडी आज बेलापूरला जाणार नाही’ या वाक्यात जास्त लागेल. तरघरच्या फलाटासाठी नवे तुकडे मुद्रित होतील तेव्हा त्या यादीत आधी हे वाक्य घालावं, तिन्ही भाषांत, आणि ‘वेलकम’ वगैरे जागा उरली तर.